मजकुरात नाही

'मध्ययुगीन यूरोप : समाज, धर्म व संस्कृती.'
नोंद साडेअकरा पानांची. मजकूर जुना, आवृत्ती नवी,
आणि तपासायला पुन्हा मीच,
निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी,
कारण ऱ्हस्व-दीर्घाला भिणारं माणूस
वाईत आता दुसरं उरलं नाही म्हणे.

पोप आणि सम्राट, कोण कुणापुढे बर्फात उभा राहिला.
धर्मयुद्धं, सनावळीसकट.
भूदास : जमिनीबरोबर जो विकला जाई तो.
(इथे 'कूळ' चालणार नाही, हे मीच लिहिलं होतं
लाल शाईत. तेव्हा अक्षर बरं होतं माझं.)
दशमांश : दहा पेंढ्यांतली एक चर्चची.

या ओळीवर खिळे जुळवता जुळवता
दस्तगीरभाई थांबले होते.
"म्हंजे बलुतंच की, बाई."
"नाही हो. बलुतं कामाचं. हे देवाचं."
"मग कामाचं त्यांना कोन देत हुतं?"
मी म्हटलं, पुढची गॅली लावा.

मग काळी साथ.
तिसरा हिस्सा यूरोप एका वाक्यात मेला,
दोन स्वल्पविराम, एक पूर्णविराम.
दस्तगीरभाईंचे वडील जन्मले होते
मेणवलीच्या वाटेवर, प्लेगाच्या झोपडीत.
घरात उंदीर पडला की गाव माळावर जायचं,
एवढंच ते सांगत, तेही कधीतरी, चहा पिताना.
त्या पूर्णविरामानंतर त्यांनी जागा सोडली होती
नेहमीपेक्षा थोडी जास्त.
मी समासात खूण केली :
जवळ घ्या.
त्यांनी जवळ घेतलं.

आता मयूरेशनं एक परिच्छेद वाढवलाय.
मठातले नकलनवीस.
वासराच्या कातड्यावर पिसानं लिहीत,
पोथी जळेल म्हणून दिवा नाही, शेगडी नाही,
खिडकीतून येईल तेवढाच उजेड.
त्यांच्या चुका वेचायला एक पिशाच्च फिरे म्हणे,
खांद्यावर पोतं टाकून; गाळलेलं अक्षर अन् अक्षर
शेवटच्या निवाड्याच्या दिवशी मोजून दाखवणार.
हे वाचून मला हसू आलं.
मग नीट बसले.

पुढे लिहिलंय : देवाच्या शब्दांशेजारी, समासात,
ते कधी कधी आपलंही लिहून ठेवत.
शाई पातळ आहे.
थंडी फार.
बरं झालं, अंधार पडतोय.
आज विद्वान पानावर बोट ठेवून हेच आधी वाचतात.

एक्क्याऐंशीचा जानेवारी. गॅली चौदा.
साथीच्या परिच्छेदाखाली एक ओळ होती,
हस्तलिखितात नसलेली :
'कृष्णेवर धुकं. बोटं वळत नाहीत. द.'
मी लाल रेघ मारली. बाजूला लिहिलं,
मजकुरात नाही.
दुसऱ्या दिवशी त्यांनी ते खिळे एकेक करून
परत खणांत टाकले, ष च्या खणात ष,
ळ च्या खणात ळ.
काही बोलले नाहीत. मीही नाही.
पुढे ऑफसेट आलं. ते भावाच्या गाड्यावर
केळी मोजून देऊ लागले, तिथेही बोटं काळीच.
गेले त्या आठवड्यात मी सूची तपासत होते.
कळलं तेव्हा माती होऊन तीन दिवस झाले होते.

पडद्यावर समास असतो, पण त्यात पेन्सिल चालत नाही.
एक पिवळा चौकोन उघडतो.
त्यात मी टंकलं, एका बोटानं, चुकत चुकत :
साथीच्या परिच्छेदाखाली एक ओळ राहून गेली आहे.
ती घ्यावी.

पसरणी घाटावरून धुकं खाली उतरलंय.
मयूरेशचं उत्तर लगेच आलं, हुशार मुलगा :
'कुठली ओळ, मॅडम?
संदर्भ द्याल का?'